घटस्फोटाचा अर्ज भारतात की इंग्लंडमध्ये? ४० लाखांवर सही करण्यापूर्वी

मँचेस्टरहून एका वाचक भगिनीने पत्र पाठवलं आहे. त्यांचं वय ३९, लग्नाला १२ वर्षं झाली आहेत, मूल नाही. पती-पत्नी दोघं नोकरी करतात, दोघांकडे इंग्लंडमध्ये कायम राहण्याची परवानगी आहे आणि गेलं वर्षभर ते वेगळे राहतात. भांडण नाही, पण एकत्र राहणं आता शक्य नाही. लग्न नाशिकला झालं, तेव्हा तिथल्याच कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीचा अर्ज करू, इंग्लंडच्या वकिलांचे पैसे वाचतील, असं पतीचं म्हणणं आहे. पुण्यातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट पतीच्या नावे करून द्यायचा, त्याबदल्यात यांना एकरकमी ४० लाख रुपये मिळणार, आणि 'यापुढे एकमेकांवर कोणताही आर्थिक हक्क सांगणार नाही' अशी अट. त्या विचारतात, 'रक्कम बरी वाटते, सही करू का?'

या अटींवर करू नका.

अर्ज कुठे करायचा हा प्रश्न तुमच्यापुढे वकिलाच्या फीचा म्हणून ठेवला गेला आहे, पण तो तसा नाही. जिथे अर्ज होतो तिथला कायदा कोणती मालमत्ता हिशेबात धरायची हे ठरवतो. गोवा सोडलं तर भारतात नवरा-बायकोच्या कमाईची समान वाटणी करणारा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे, एकरकमी किंवा दरमहा, आणि तुम्ही स्वतः कमावत असल्याने ती फार असेल असं धरून चालू नका. इंग्लंडमध्ये २००० सालच्या व्हाइट विरुद्ध व्हाइट या निकालापासून संसारात जमा झालेल्या संपत्तीकडे समान वाटणीच्या कसोटीवर पाहिलं जातं, आणि त्यात पेन्शनही येते. पेन्शन वाटून देण्याचा आदेश तिथलंच न्यायालय काढू शकतं. नाशिकच्या हुकूमनाम्यात काहीही लिहिलं, तरी इंग्लंडमधली पेन्शन कंपनी त्यावरून एक पौंडही तुमच्या नावावर करणार नाही.

आता तुमचेच आकडे मांडू. फ्लॅटचा बाजारभाव ९५ लाख, कर्ज ३८ लाख शिल्लक, म्हणजे निव्वळ ५७ लाख. तुमचा अर्धा हिस्सा साडेअठ्ठावीस लाख. तो फ्लॅट तुम्ही सोडणार आहात, म्हणजे ४० लाखांतले साडेअठ्ठावीस लाख तर तुमचेच होते. उरले साडेअकरा लाख, म्हणजे जेमतेम १० हजार पौंड. पतीच्या पेन्शनमध्ये साठलेल्या रकमेचा तुम्ही शेवटचा पाहिलेला आकडा ९० हजार पौंड, तुमच्या पेन्शनचा १४ हजार, आणि दोन्ही लग्नानंतरच जमलेल्या. फरक ७६ हजार, त्याचा अर्धा ३८ हजार पौंड. थोडक्यात, ३८ हजार पौंडांच्या हक्कावर १० हजारांत पाणी सोडायला सांगितलं जात आहे. पतीच्या मनात हे असेलच असं मी म्हणत नाही. घर डोळ्यांसमोर असतं, पेन्शन पत्रकात असते, म्हणून ती राहून जाते.

पेन्शनचा पौंड आणि हातातला पौंड सारखा नाही, हेही धरायला हवं. ते पैसे आज ५५ आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ व्या वर्षापर्यंत अडकलेले असतात, आणि काढताना साधारण पाव भाग सोडला तर बाकीच्यावर आयकर लागतो. म्हणून त्याबदली आज रोख घेतलीत तर पाव ते तीस टक्के कमी धरणं मला रास्त वाटतं. म्हणजे २७-२८ हजार पौंड, साधारण ३२-३३ लाख रुपये. फ्लॅटचा हिस्सा मिळवला की बेरीज ६० लाखांच्या आसपास जाते. बोलणी इथून सुरू व्हायला हवीत.

माझा कल मात्र इंग्लंडमध्ये दोघांनी मिळून अर्ज करण्याकडे आहे. ६ एप्रिल २०२२ पासून तिथे कुणावर दोष ठेवावा लागत नाही. अर्जानंतर २० आठवडे, मग आणखी ६, असे किमान २६ आठवडे लागतात, आणि त्याच प्रक्रियेत संमतीने पेन्शन-वाटणीचा आदेश घेता येतो. 'तिथला घटस्फोट भारतात चालत नाही' असं तुम्हाला नातेवाइकांनी सांगितलं आहे. एकतर्फी निकालाबाबत ती भीती खरी आहे. परदेशातला घटस्फोट केव्हा मानायचा नाही, याची कारणं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात नीट घालून दिली आहेत. पण त्याच निकालात, समोरच्याने स्वतः त्या आदेशाला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी, असंही म्हटलं आहे. तुमचं प्रकरण दोघांच्या संमतीचं आहे. तरी भारतातल्या वकिलाकडून तसं लेखी मत घेऊन ठेवा. तो खर्च वाया जाणार नाही.

पती भारतावरच अडून बसले, तर? भारतात घटस्फोट झाल्यावरही इंग्लंडच्या न्यायालयाकडे आर्थिक दाद मागता येते. १९८४ च्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र भाग आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अग्बाजे प्रकरणात नायजेरियात घटस्फोट झालेल्या पत्नीला अशी रक्कम मिळू दिली. पण त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, तुम्ही दुसरं लग्न केलंत तर तो मार्ग बंद होतो, आणि 'हक्क सांगणार नाही' या तुमच्या सहीचा कागद समोरचा वकील पहिल्यांदा पुढे करेल. आज वाचणारी फी तेव्हा कितीतरी पटीने द्यावी लागेल. शेवटचा उपाय म्हणून तो लक्षात ठेवा, त्याच्या भरवशावर आज सही करू नका.

भारतातच जायचं ठरलं, तर पैशांचा क्रम सांभाळा. परस्पर संमतीत दोन टप्पे असतात. मध्ये सहा महिने थांबावं लागतं, २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते माफही होऊ शकतात. पण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. फ्लॅट आधी देऊन बसलात आणि नंतर पतीचं मन बदललं, तर हातात काही राहणार नाही. काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली दुसऱ्या तारखेला, आणि फ्लॅटचा दस्त त्याच्याशी बांधलेला, असं संमतीच्या अटींत तारखांसह लिहून घ्या.

बँकेचं तर वेगळंच असतं. गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार आहात, आणि बँक घटस्फोटाचा कागद मानायला बांधील नाही. पतीने हप्ते थांबवले तर फ्लॅट नावावर नसताना वसुलीचं पत्र तुम्हाला येईल आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमची बिघडेल. तुमचं नाव कर्जातून काढल्याचं बँकेचं पत्र हाती आल्याशिवाय हिस्सा सोडू नका.

रक्कम शक्यतो पौंडांत, पतीच्या इंग्लंडमधल्या खात्यातून घ्या. रुपयांत घेतलीत तर ती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यात जाईल, तिथून बाहेर न्यायला सीएचं प्रमाणपत्र लागेल. वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाला आडवी येणार नाही, पण कटकट आहेच. एकरकमी पोटगी भारतात करपात्र उत्पन्न धरत नाहीत. फ्लॅटच्या हिश्श्याचा मोबदला मात्र विक्री ठरू शकतो, आणि विकणारा अनिवासी असल्याने घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो. म्हणून पोटगी किती आणि हिश्श्याचे किती, ही वाक्यं सीएने वाचल्याशिवाय वकिलाने अंतिम करू नयेत.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. पतीला त्यांच्या पेन्शनची ट्रान्सफर व्हॅल्यू, म्हणजे ती आज दुसरीकडे हलवली तर किती रक्कम धरली जाईल तो आकडा, कंपनीकडून लेखी मागवायला सांगा. ती सदस्यालाच मिळते, तुम्हाला परस्पर मिळणार नाही, आणि ते टाळाटाळ करू लागले तर त्यातूनही तुम्हाला काय ते कळेल. दुसरं, पत्रासोबत तुम्ही पाठवलेला मुखत्यारपत्राचा मसुदा. तो तुमच्या दिरांच्या नावे आहे, आणि चौथ्या कलमात त्यांना पुण्याची मिळकत 'विकण्याचा, हस्तांतरित करण्याचा व रक्कम स्वीकारण्याचा' अधिकार दिला आहे. घटस्फोटाच्या अर्जाला याची काहीच गरज नाही. ते कलम पूर्ण काढायला सांगा, मुखत्यार म्हणून तुमच्या माहेरचं माणूस नेमा आणि अधिकार फक्त न्यायालयात हजर राहण्यापुरते ठेवा. मगच भारतीय दूतावासाच्या कार्यालयात जाऊन सही करा. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं गेलं पाहिजे, हेही त्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा.