निष्काम आणि निकामी: 'काम' एक की दोन?

'निष्काम' आणि 'निकामी' या दोन्ही शब्दांत 'काम' आहे, दोन्हींत नकारही आहे. मग अर्थ इतके लांब कसे, आणि एकावरून दुसरा आला का, असा प्रश्न आहे. एकावरून दुसरा आलेला नाही. ही दोन 'कामं' मुळातच वेगळी आहेत.

'निष्काम'मधला काम म्हणजे इच्छा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, षड्रिपूंतला पहिला. कामना, कामुक, सकाम, कामधेनू ही त्याचीच मंडळी.

रोजचं काम मात्र 'कर्म'पासून आलं: कर्म, प्राकृतात कम्म, मराठीत काम. जोडाक्षराच्या जागी आधी द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन आलं, मग द्वित्त जाऊन त्याच्या आधीचा 'अ' दीर्घ झाला. सर्प-सप्प-साप, हस्त-हत्थ-हात हीच वाट. पंजाबीत अजून 'कम्म'च म्हणतात, आणि हिंदीच्या 'निकम्मा'त तो म्म स्पष्ट दिसतो. आपलं 'निकामी' त्याचंच भावंड.

ओळखायची सगळ्यात पक्की खूण लिंगाची. 'कर्म' नपुंसकलिंगी म्हणून 'ते काम', अनेकवचन 'कामं'. इच्छावाचक शब्द पुल्लिंगी, 'तो काम'. त्याचं 'कामं' होतच नाही. दुसरी खूण उपसर्गाची. निः + काम यात विसर्गाचा ष् होतो, जसा निष्पाप, निष्फळ यांत. मराठी वळणाच्या 'नि'पुढे विसर्ग उरत नाही: निकामी, निनावी, निलाजरा. या शेवटच्या शब्दाशेजारी 'निर्लज्ज' ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

म्हणून 'यंत्र निष्काम झालं' हे चूक. यंत्राला इच्छा कुठली? तिथे निकामीच हवं. आणि 'निष्काम कर्म' म्हणजे फळाची इच्छा न धरता केलेलं कर्म. दोन्ही मुळं शेजारीशेजारी नांदतात असा हा सुंदर प्रयोग आहे.

हिंदीतून कानावर पडणारं 'कामयाब' मात्र फसवतं. ते 'काम झालं' यावरून आलेलं वाटतं, पण फारसीत 'काम' म्हणजे इच्छा आणि 'याब' म्हणजे मिळवणारा. हा फारसी काम संस्कृत 'काम'चाच सगोत्र.

'पान'चंही असंच आहे. झाडाचं पान 'पर्ण'पासून, पण स्तनपान, मद्यपान यांतलं पान 'पा' म्हणजे पिणे या धातूचं. 'पाणी' हे या दुसऱ्या 'पान'च्या घरातलं, 'पानीय'वरून आलेलं. पाणिग्रहणातला 'पाणि' म्हणजे हात; तो वेगळाच, आणि त्यातला णि ऱ्हस्व लिहायचा.