पहिल्यांदा जकात काढतोयस?
भावा, खडेबाजारात दुकान टाकलंस, आता जकातीच्या, म्हणजे आपण मुसलमानांनी दरवर्षी गरजूंना द्यायच्या बंधनकारक दानाच्या, हिशेबाला बस. रमजानच हवा असं नाही; चांद्र वर्षातली तुझी तारीख ठरव. गल्ल्यातली रोकड, बँकेतली शिल्लक आणि विक्रीचा माल आजच्या भावानं धर. कपाटं, राहतं घर सोड. देणं वजा कर. उरलेलं ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकं असेल आणि वर्ष पुरं झालं असेल, तर अडीच टक्के. वहिनीच्या दागिन्यांवरही हनफी (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका शाखेच्या) मतानं जकात लागते, पण जबाबदारी तिची (घरोघरी वाद यावरूनच!). आईवडील, बायको, मुलं यांना ती देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीला चालते, आणि ही जकात आहे असं त्यांना सांगायलाही नको. फितरा (रमजान ईदचं दान) वेगळा, तो ईदच्या नमाजाआधी दे.