टेपर सुरू झाला की जीव का घाबरा होतो

"मॅडम, नऊ महिन्यांत कमावलेलं सगळं या तीन आठवड्यांत जाणार बघा." नीलेश खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलला. (नाव आणि काही तपशील बदललेत, लिहायला त्याची परवानगी घेतलीये.) वय ४१, राहायला मुलुंडला, नोकरी बँकेत, आणि नोव्हेंबरमध्ये मलेशियात लंकावीला फुल डिस्टन्स ट्रायथलॉन, म्हणजे ३.८ किमी पोहायचं, मग १८० किमी सायकल आणि मग ४२.२ किमी धावायचं, सगळं मिळून १७ तासांच्या आत. कोचने टेपर सुरू केला होता. टेपर म्हणजे शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव हळूहळू निम्म्यावर आणायचा, अधूनमधून वेग तेवढा टिकवायचा, म्हणजे अंगात साठलेला थकवा निघून जातो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकमध्ये हीच तक्रार दरवर्षी येते, सराव कमी झाला आणि आता झोप लागत नाही.

त्याने फोन काढला, सरावाच्या अ‍ॅपमधला आलेख दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. "ही फिटनेसची रेघ. बघा कशी खाली चाललीये." मी विचारलं, ही रेघ बनते कशी? तर त्यानेच मला व्यवस्थित समजावलं, की मागच्या ४२ दिवसांच्या सरावाची ती सरासरी असते, त्यात अलीकडच्या दिवसांना वजन जास्त, त्यामुळे सराव कमी केला की आकडा हिशोबानेच उतरणार, आणि त्याच वेळी ताजेपणाची दुसरी रेघ वर चढत असते. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! तरी रात्री साडेअकराला बायको झोपली की तो ती खालची रेघ बघत बसायचा. म्हणून "काळजी करू नका, कोचवर विश्वास ठेवा" हे वाक्य मी अशा माणसाला म्हणत नाही, ते त्याने स्वतःला शंभरदा सांगून झालेलं असतं.

दुसऱ्या वेळी त्याची बायको मानसी सोबत आली. तिने सांगितलं, रविवारी हा दूध आणतो म्हणून गेला तो दीड तासाने घामाने निथळत आला, आणि दूध आणलंच नाही. ऐरोलीच्या पुलापर्यंत धावून आला होता. दिवाळी तोंडावर, घरात चकल्या चालल्या होत्या आणि हा वाटीभर भात काट्यावर मोजून घेत होता, कारण वजन सव्वा किलोने वाढलं होतं. ते वाढणारच होतं हो, व्यायाम कमी झाला की स्नायूंत ग्लायकोजन (साखरेचा साठा) साठतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, हे तर शर्यतीच्या दिवसाचं इंधन, तेच तो कमी करायला निघाला होता. "शर्यत याची आहे, पण श्वास घरातल्या सगळ्यांचा अडकलाय," मानसी म्हणाली आणि रडायला लागली.

दुखण्यांचंही तसंच. सोमवारी गुडघा, बुधवारी पोटरी, शुक्रवारी घसा. टेपरमध्ये असं खूप जणांना होतं, लक्ष द्यायला दुसरं काही उरत नाही मग शरीरातली बारीकशी कुरकुरही मोठी ऐकू येते. पण सगळंच मनावर ढकलायचं नाही. एकाच जागी दुखतंय, सूज आहे, चालतानाही वाढतंय, तर फिजिओ. छातीत दुखलं, चक्कर आली तर सरळ डॉक्टर, तिथे समुपदेशकाकडे येऊन वेळ घालवू नका.

मग मी त्याला शर्यतीबद्दल विचारणं थांबवलं. पहाटे साडेचारला उठून तुम्हाला काय मिळतं, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ऑफिसात काहीच संपत नाही मॅडम, एक फाइल गेली की दोन येतात, दोन वर्षं प्रमोशनही हुकलंय. सकाळी वर्कआउट केला की अ‍ॅपमध्ये चौकोन हिरवा होतो. दिवसात तेवढं एकच काम 'झालं' असं दिसतं." टेपरमध्ये हिरवे चौकोन निम्म्यावर आले होते, त्याला फिटनेस गेल्यासारखं वाटत होतं ते खरं म्हणजे हे जात होतं.

त्यामुळे आराम करा म्हणण्याऐवजी त्या रिकाम्या पहाटेला काम दिलं. एका वहीत लिहायचं, काय बिघडू शकतं आणि मी काय करीन. पोहताना कोणाचा पाय लागून गॉगल निघाला तर? पाठीवर तरंगून तो लावीन, मग पुढे. पंक्चर झालं तर? ट्यूब कुठल्या पिशवीत, किती मिनिटांत बदलीन. पोट बिघडलं तर काय, कुठल्या टप्प्याला किती वाजेपर्यंत पोचायचंय. रोज दोनच गोष्टी, लिहून झाल्या की वही बंद. अ‍ॅप त्याने स्वतःहून फोनमधून काढलं, मानसीने ते लपवावं असं मी मुद्दाम सुचवलं नाही, तिला पहारेकरी करायचं नव्हतं. आदल्या रात्री झोप येणार नाही हेही आधीच धरून चाललो, एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने महिन्यांची तयारी वाया जात नाही, आधीच्या आठवड्यातली झोप सांभाळायची. तरी मधे एकदा तो चोरून पोहून आलाच, आणि यावेळी त्याने ते घरी येऊन सांगितलं, मला ते जास्त महत्त्वाचं वाटलं.

निघायच्या चार दिवस आधी आला तेव्हा डब्यात चकल्या होत्या, त्याने स्वतःही दोन खाल्ल्या. शर्यत त्याने वेळेत पूर्ण केली. आणि परत आल्यावर दोन आठवड्यांनी फोन आला, "मॅडम, मेडल भिंतीवर लावलंय, पण साडेचारला जाग येते आणि काय करू कळत नाही." हे येणार हे आम्ही बोलून ठेवलं होतं. आता आम्ही पहाटेबद्दल नाही, ऑफिसबद्दल बोलतोय, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता.