‘सगळे हसून बोलतात, पण माझं इथे कुणीच नाही’

“दीड वर्ष झालं मला इथे येऊन. रस्त्यात भेटेल तो हसून बोलतो, आणि घरी मात्र कुणी येत नाही. माझ्यातच काही खोट आहे का, एवढंच मला सांगा.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा, पहिल्या भेटीत खुर्चीत टेकल्याबरोबर तिने हे विचारलं. वय ३६, जर्मनीतल्या श्वाबेन भागातली, श्टुटगार्टजवळच्या एका गावातली. नवरा शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्याची अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या कारखान्यात बदली केली, म्हणून दोघं पाच-सहा हजार वस्तीच्या गावात राहायला आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अमेरिकेच्या लहान गावांत नव्याने आलेली माणसं, जर्मन असोत की आपली पुण्या-नाशिकची, वर्ष-दीड वर्षाने हाच प्रश्न घेऊन येतात. पहिले सहा महिने घर, गाडी, बँक, इन्शुरन्स यांत जातात. ती धावपळ थांबली की रिकामी दुपार अंगावर येते.

अशा वेळी धीर देण्याआधी तपासावं लागतं. एकटेपणाच्या आड नैराश्य लपलेलं असू शकतं. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी तिचे ११ गुण आले. १० ते १४ म्हणजे मध्यम. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य होतं. तिथे एक जरी आला असता तरी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचं बोलावं लागलं असतं. अमेरिकेत त्यासाठी ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला तिला फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. चार आठवड्यांत गुण उतरले नाहीत तर औषधांविषयी डॉक्टरांशी बोलायचं, हेही तेव्हाच ठरलं.

मग एक कागद दिला. सात दिवसांचे सात रकाने. नवरा सोडून कुणाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलणं झालं तर नाव आणि मिनिटं लिहायची. फोनवरचं मोजायचं नाही, समोरासमोरचंच. पुढच्या आठवड्यात तिने कागद आणला तेव्हा बेरीज ४० मिनिटं होती, आणि त्यातली २५ दातांच्या दवाखान्यातली.

कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. नुसत्या ओळखीचं माणूस साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावं इथपर्यंत सुमारे ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० च्या वर. तेही मोकळ्या वेळातले तास; कामावर शेजारी बसून काढलेले तितके मोजले जात नाहीत. महिन्यातून एकदा दोन तास भेट झाली तर वर्षाचे २४ तास होतात, म्हणजे साध्या मैत्रीलाच दोन वर्षं. आठवड्याला दोन तास मिळाले तर तेच अंतर २५ आठवड्यांत कापलं जातं. हे गणित तिने स्वतः कागदावर मांडलं. जर्मनीतल्या तिच्या दोन्ही जवळच्या मैत्रिणी शाळेतल्या. ते शेकडो तास कधी भरले हे तिला कळलंही नव्हतं, म्हणून मैत्री आपोआप होते असं तिला वाटत आलं होतं. “म्हणजे खोट नाही, तास कमी आहेत,” ती म्हणाली. अर्धं उत्तर तिथे मिळालं.

उरलेलं अर्धं एका भांड्यात होतं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारची बाई केळ्याचा ब्रेड घेऊन दारात उभी राहिली होती, भाजलेल्या टिनसकट. हिने आभार मानले, ब्रेड काढून घेतला, टिन घासून-पुसून लख्ख केलं आणि संध्याकाळीच शेजारच्या पायरीवर ठेवून आली. चिठ्ठी लिहिली, ‘धन्यवाद’. बेल वाजवली नाही, उगाच त्रास कशाला. श्वाबेनमध्ये जिन्याच्या सफाईची पाळीसुद्धा दारावरच्या पाटीने एकमेकांकडे सरकते, तिथे वाढलेल्या माणसाला हे चोख वागणं वाटतं. आपल्याकडे कुणालाही विचारा, शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर तरी घालतात. आयोवातही ते टिन म्हणजे पुन्हा दारात यायचं निमित्त होतं, आणि ते निमित्त त्याच दिवशी चिठ्ठीसकट परत गेलं. नंतर बाई हात हलवत राहिली, पण दारात आली नाही.

दुसरी गाठ ‘ये ना कधीतरी’ची. हे वाक्य ऐकल्यावर हिने फोनवरचं कॅलेंडर उघडून विचारलं, “कधी? गुरुवार की शुक्रवार?” समोरची गडबडली, “बघून सांगते” म्हणाली, आणि पुढे काही झालं नाही. हिने मनात नोंद केली, इथली माणसं खोटं बोलतात. आपणही ‘या एकदा घरी’ म्हणतो तेव्हा तारीख मनात नसते, आणि त्यात खोटेपणाही नसतो. दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. जर्मन बोलण्यात आमंत्रण म्हणजे वार, वेळ आणि केक.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच १९३६ साली मांडून ठेवलं आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून ते अमेरिकेत आले आणि १९३५ ते १९४४ आयोवा विद्यापीठात होते. म्हणजे ही बाई आज जिथे अडली आहे त्याच राज्यात बसून एका जर्मन स्थलांतरिताने लिहिलं की माणसाभोवती थर असतात. अमेरिकनाचे बाहेरचे थर सैल असतात, परक्यालाही चटकन आत घेतात; भिंत लागते ती अगदी गाभ्याशी. जर्मनाची भिंत पहिल्याच थराशी असते, पण ती ओलांडली की पुढे फारशी अडवणूक नाही. पुढे लोकांनी याला पीच आणि नारळाची उपमा जोडली. मराठीत आंबा आणि फणस म्हणावं. आंब्यात बोट सहज रुततं, पण आत कोय आहे. फणसाला हात लावायचा तर आधी तेल चोळावं लागतं. तिची चूक एवढीच होती की आंब्याच्या मऊपणाला ती फणसाचे गरे समजली, आणि कोय लागल्यावर तिला फसवलं गेल्यासारखं वाटलं. लेविन तिच्याच भाषेतले, तिच्याच देशातले. त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं आहे म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

पण मैत्रीच्या खालीही काहीतरी होतं, आणि ते चौथ्या भेटीत वर आलं. ती फिजिओथेरपिस्ट. ११ वर्षं दवाखान्यात काम केलेलं. जर्मनीत हे तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण असतं. अमेरिकेत आज या पेशात शिरायला डॉक्टरेटच्या पातळीची पदवी लागते. राज्याच्या परवाना मंडळाकडे परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करून द्यावं लागतं, आणि तीन वर्षांच्या जर्मन शिक्षणाची बरोबरी सहसा धरली जात नाही. त्यात ती धरून बसली होती की एल-२ व्हिसावर, म्हणजे कंपनीने एल-१ व्हिसावर अमेरिकेत बदली केलेल्या माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, कामाचं वेगळं कार्ड लागतं. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ वर आलेल्यांच्या जोडीदाराला काम करायची मुभा व्हिसाबरोबरच मिळते. अमेरिकेतल्या प्रवेशाच्या आय-९४ या नोंदीवर ‘एल-२एस’ असं असलं की पुरतं. व्हिसाचा निर्णय समुपदेशकाने देऊ नये, म्हणून कंपनीच्या वकिलाकडून खात्री करून घ्यायला सांगितलं. त्याने दोन ओळींत होकार कळवला. दीड वर्ष एका गैरसमजावर बसून गेलं होतं.

परवान्याचं दुःख मात्र कागदाने मिटणारं नाही. माणसाचे हात एका कामात मुरलेले असतात, आणि कुणीही न मरता ते काम जातं, म्हणून सुतकही धरता येत नाही. अशा वेळी ‘दुसरं काहीतरी करा’ हा सल्ला घाईचा ठरतो. दोन भेटी आम्ही फक्त त्या दवाखान्याविषयी बोललो. शेवटचा रुग्ण कोण होता, टेबलाची उंची कशी लावायची, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी पाय किती अंशात वाकतो. ती हाताने दाखवत होती. पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

त्यानंतर आखणी केली. आठवड्याला दोन ठिकाणं, दर वेळी तीच माणसं, आणि समोर काहीतरी काम. माणसं बदलत राहिली तर तास साठत नाहीत. या गावांत अशा जागा ठरलेल्या असतात: चर्च, सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठांचं केंद्र, मुलांचं ४-एच मंडळ, स्वयंसेवी अग्निशमन दलाची पॅनकेक न्याहारी. चर्चवर ती अडली. जर्मनीत चर्चचा कर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के कापला जातो. तिने रीतसर नाव काढून तो बंद केला होता, आता कुठल्या तोंडाने जायचं? अमेरिकेत असा कर नाही, आणि ‘तुम्ही कुठल्या चर्चचे?’ या प्रश्नात श्रद्धेची चौकशी कमी आणि ‘तुमची माणसं कोणती?’ ही जास्त असते. तरी न पटणाऱ्या ठिकाणी केवळ ओळखीसाठी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिने वाचनालयातला गोधडी गट निवडला, आणि ज्येष्ठांच्या केंद्रात खुर्चीवर बसून करायच्या व्यायामाचा वर्ग घ्यायचं ठरवलं. तिथे एक पथ्य कडक होतं: स्वतःला फिजिकल थेरपिस्ट म्हणवायचं नाही आणि कुणाच्या दुखण्यावर इलाज सांगायचा नाही. परवान्याशिवाय तसं करणं बेकायदा आहे. साधा व्यायाम, सगळ्यांना सारखा.

गोधडीत तिसऱ्याच आठवड्यात बिनसलं. शेजारणीची शिवण पाहून ही म्हणाली, “वाकडी आहे, उसवायला हवी.” टेबल शांत झालं. श्वाबेनमध्ये म्हण आहे, कुणी बोल लावला नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली. तिने तर मदतच केली होती. आम्ही तेच वाक्य पुन्हा बांधलं: आधी जे आवडलं ते खरंखुरं सांगायचं, मग “मी असते तर इथे उसवून पाहिलं असतं,” आणि निर्णय तिच्याकडे सोडायचा. खोटी स्तुती करायची नाही. ती तिला जमलीही नसती. घरी आरशासमोर नाही, नवऱ्यासमोर दहा वेळा म्हणून पाहायचं.

‘हाऊ आर यू’चंही तसंच. हा प्रश्न नाही, रामराम आहे. ‘बरी आहे, तुम्ही?’ एवढं म्हणून पुढचं वाक्य हवामानावर. निघतानाही इथे उठून चालू पडत नाहीत. मांडीवर थाप मारून “वेल…” म्हणायचं, उभं राहायचं, आणि दारात आणखी पंधरा मिनिटं बोलायचं. उंबऱ्यातल्या गप्पा आपल्याला शिकवाव्या लागत नाहीत. तिला शिकाव्या लागल्या. कामाचं बरंचसं बोलणं त्या पंधरा मिनिटांतच होतं.

आमंत्रण मात्र तिच्याच पद्धतीने ठेवलं, थोडं मऊ करून: “शनिवारी दहा ते अकरा कॉफी करते आहे, येशील का?” शेवटची वेळ सांगितली की समोरच्याला ओझं वाटत नाही. दोनदा नकार आला आणि दुसरा दिवस सुचवला गेला नाही, तर तिथे थांबायचं. राग धरायचा नाही.

वाचनालयाच्या सामूहिक जेवणाला तिने श्वाबेनचं बटाट्याचं सॅलड नेलं. गरम मांसाचा रस्सा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, तेल, कोमटच वाढायचं. आयोवात बटाट्याचं सॅलड म्हणजे थंडगार, मेयोनीज आणि अंडी घातलेलं. आधीच्या एका जेवणात हे भांडं भरलेलंच परत आलं होतं. या वेळी पुढ्यात चिठ्ठी ठेवली, ‘जर्मन पोटॅटो सॅलड, कोमट’. ऐंशीच्या पुढची एक बाई दोनदा वाढून घेऊन म्हणाली, “माझी आजी असंच करायची. जर्मन मात्र तिने आम्हाला शिकवलं नाही.”

गावाच्या दफनभूमीत निम्मी आडनावं जर्मन आहेत आणि जर्मन बोलणारं कुणी नाही, याचं तिला कोडं होतं. राज्याच्या नकाशावर होल्स्टाइन, श्लेस्विग अशी गावं आहेत. २३ मे १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, टेलिफोनवर, कुठल्याही सार्वजनिक जागी इंग्रजीच बोलायचं. डिसेंबरात ते मागे घेतलं गेलं, पण तोवर कितीतरी घरांनी भाषा गिळली होती. ती आता दर बुधवारी त्या म्हातारीकडे जाते. जुन्या लिपीतली आजीची पत्रं वाचून दाखवते.

एक बदल तिला जड गेला. आईशी रोज सकाळी नऊला तासभर व्हिडिओवर बोलणं व्हायचं. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. नेमक्या त्याच वेळी गावातल्या कॉफीच्या बैठका भरतात. फोन तोडायचा नव्हता, सरकवायचा होता. आता मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. वर्षातून दोनदा घड्याळं दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी सरकतात आणि काही आठवडे फरक सात तासांऐवजी सहावर येतो. त्या आठवड्यांत आई वाट पाहत बसू नये म्हणून तारखा तिने आईच्या फ्रिजवर लावायला सांगितल्या.

सातव्या महिन्यात पीएचक्यू-९ वर ५ गुण आले. औषधाची गरज पडली नाही. भेटी आता सहा आठवड्यांनी होतात. परवान्याची सल आहेच, आणि त्यासाठी फिजिकल थेरपिस्टच्या सहायकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा की नाही यावर नवरा-बायकोत अजून एकमत नाही. शेजारच्या बाईकडे ती ऑगस्टमध्ये बेल वाजवून गेली होती, आलुबुखारचा केक घेऊन, पत्र्याच्या साच्यासकट. साचा अजून परत आलेला नाही. भेटीच्या तासांच्या तक्त्यात त्या बाईच्या नावापुढे आज ३१ तास आहेत.