कोकणात जाण्याआधी

प्रिय बाबू,

तूर घरात आली की दोन महिने कोकणात खोली घेऊन कादंबरी पुरी करायची म्हणतोस. जा. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, पण समुद्र कुठंच नाही. ही ओढ मलाही होती.

निघण्याआधी थॉमस मान या जर्मन लेखकाची ‘डेथ इन व्हेनिस’ मात्र वाच. 1911 साली तो व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर राहून आला आणि पुढच्याच वर्षी ही छोटी कादंबरी छापून आली. तिच्यातला आशेनबाख पन्नाशी ओलांडलेला, मानमरातब मिळालेला, शिस्तीचा लेखक. विसाव्यासाठी समुद्रावर जातो आणि हॉटेलात उतरलेल्या एका पोलिश मुलाच्या रूपानं झपाटून जातो. केस रंगवतो, गल्लीबोळांतून त्या कुटुंबाच्या मागे फिरतो. वाचणारे बहुतेक एवढंच लक्षात ठेवतात.

मला त्यातली पटकी, म्हणजे कॉलरा, विसरता येत नाही. गंगेच्या मुखाकडची ती साथ व्हेनिसात शिरलेली असते आणि प्रवासी पळतील म्हणून अधिकारी ती दडवतात. (शिवेवरच्या मरीमायला नारळ फोडणाऱ्या आपल्या आज्यांना पटकी म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं.) एक इंग्रज कारकून आशेनबाखला खरं काय ते सांगतो. मुलाच्या आईला ‘आजच निघा’ एवढंच सांगायचं असतं. तो सांगत नाही. सांगितलं तर ते निघून जातील ना! माझ्या लेखी माणूस तिथंच गेला. समुद्राकाठच्या खुर्चीत त्याला मरण आलं ते नंतर.

बाबू, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत हर्णैला महिनाभर राहिलो होतो. पंधराव्या दिवशी घरून चिठ्ठी आली, ‘आईनं अंथरूण धरलं आहे, तुमची आठवण काढते.’ लेखन भरात होतं. चिठ्ठी वहीत ठेवली आणि ‘प्रकृतीला जपा, येतोच’ असं कळवून मी तिथंच राहिलो. गावी पोचलो तो तेरवीच्या दिवशी. ओट्यावर बसलेले लोक म्हणाले, “गुरुजीले चिठ्ठी उशिरा भेटली असंन.” मी मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझी पुढची सगळी प्रतिष्ठा उभी राहिली. त्या महिन्यात लिहिलेली चाळीस पानं सुबक आहेत, पण त्यांत एक ओळ खरी नाही. हे आज पहिल्यांदा कुणाला लिहितो आहे.

म्हणून तुला सांगतो, घरी खोलीचा पत्ता दे, फोन चालू ठेव. कापसाच्या पैशातले किती घेऊन चाललास ते बाबांना तोंडानं सांग; तुझ्या पत्रात ते वाक्य तू लिहून खोडलेलं दिसलं. ते खोडलेलं वाक्य कादंबरीत घे. त्यासाठी समुद्र लागत नाही, ते उद्या सकाळी गोठ्यात बसूनही लिहिता येईल.

जाण्याआधी एकदा घरी ये. ती चिठ्ठी अजून त्याच वहीत आहे. तुला दाखवायची आहे.

तुझा,
गुरुजी