गाडीखालचा डाग: गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांची पेट्रोल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी फरशीवर काळपट डाग दिसतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि गणपतीला तर रत्नागिरीला जायचंय. होकार देण्याआधी दोन दिवस थांबा. त्यांचं म्हणणं खरंही असेल, पण नुसतं खालून वाकून बघून ते ठरवता येत नाही.

माझ्या जुन्या गाडीलाही अगदी हेच सांगितलं होतं. मी इंजिन धुऊन पुन्हा बघितलं तेव्हा कळलं की गळती सगळ्यात वर, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून होती. तिथलं ऑइल इंजिनच्या मागच्या अंगाने ओघळत गिअरबॉक्सच्या जोडावर जमायचं आणि तिथून थेंब पडायचा. पॅकिंग काहीशे रुपयांचं, काम दुपारभराचं. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, हे गृहीत धरू नका. चालत्या गाडीत वाराही ऑइल मागे ढकलतो.

आधी गळतंय काय ते ओळखा. रात्री पुढच्या भागाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने खुणावून ठेवा. सकाळी डाग पांढऱ्या कागदावर टिपून उजेडात बघा, बोटांत चोळा, वास घ्या. एसी लावून आलात आणि डाव्या बाजूला नुसतं पाणी पडलं असेल, तर ते एसीचं पाणी आहे, पडलंच पाहिजे. तेच पाणी बाहेर न पडता डावीकडच्या सीटपुढच्या मॅटखाली साचत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय. मात्र मॅटखालचं पाणी चिकट असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर हीटरची कॉइल गळतेय. हिरवं, गुलाबी किंवा निळं, गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी. ते सुकलं की होज पाइपच्या क्लिपभोवती किंवा वॉटर पंपाखाली खरवडण्यासारखा थर राहतो. कूलंट विषारी असतं आणि कुत्र्या-मांजरांना त्याची चव आवडते, म्हणून डाग लगेच धुऊन टाका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली 100 अंशांच्या वरचं पाणी असतं, उघडताच अंगावर येतं.

आता ब्रेक ऑइल, कारण घाटात जाणार आहात. ते फिकट पिवळं, पातळ आणि बुळबुळीत असतं. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा मागच्या ड्रमच्या कडेला ओल दिसली, किंवा बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरत असेल, तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. ही गळती चार दिवसही सांभाळून घेण्यासारखी नाही. गळती नसली तरी ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलेल्या ऑइलची ही मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की याचाच फरक पडतो.

तुमचा डाग काळपट म्हणजे बहुधा इंजिन ऑइलच. इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि जुन्या ब्रशने टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत (तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत) सगळं स्वच्छ करून घ्या. अल्टरनेटर आणि इग्निशन कॉइलवर प्लास्टिक बांधा, पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. सुकल्यावर जोडांवर घरातली टाल्कम पावडर हलकी उडवा, वीस मिनिटं गाडी चालवून या आणि टॉर्च लावून वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते, ती गळतीची जागा. ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगही (चेंबरखालचा ऑइल काढायचा बोल्ट) बघा. सर्व्हिसिंगला प्लगचा जुनाच वॉशर परत बसवला की थेंब सुरू होतो.

गळती टॅपेट पॅकिंगचीच निघाली तर ते बदलताना दोन्ही कडा पूर्ण पुसून घ्यायला सांगा. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळायचे. जास्त जोर दिला तर कव्हर वाकतं. सिलिकॉन चोपडून काम भागवू देऊ नका. त्याचे तुकडे आत पडून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. स्पार्क प्लगच्या खळग्यांत ऑइल साचलंय का आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी झडप) तुंबलाय का, तेही बघायला लावा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही गळायला लागतं.

वरचं सगळं कोरडं आणि फक्त गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल येत असेल, तर गॅरेजवाले बरोबर. मग गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या, मजुरी एकदाच पडते.

कोणीही गाडीखाली जाणार असेल तर नुसत्या जॅकवर नाही. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना अडण आणि चेसिसखाली लोखंडी घोड्या (जॅक स्टँड). विटा दबून फुटतात, त्या वापरू नका.

काम झाल्यावर निघण्याच्या आठवडाभर आधी पन्नासेक किलोमीटर फिरवून पुन्हा पुठ्ठा टाका. ऑइल गेज (ऑइलची पातळी बघायची पट्टी) सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत वरच्या-खालच्या खुणेत साधारण 1 लिटरचा फरक असतो. पुठ्ठा कोरडा निघाला तरी इंजिनात आहे त्याच ग्रेडच्या ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत असू द्या. पावडरीतली रेघ कुठून निघाली ते कळवा, फोटो टाकलात तर मी बघतो.