वाचकांचे प्रश्न : ‘हिचं आमच्या शाळेत जमणार नाही’

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठतात, आधाराशिवाय बसता येत नाही, लाळ गळते, बोललेलं फक्त घरच्यांना कळतं. पण समजतं सगळं. थोरला भाऊ पाढा चुकला की ती हसते. गावच्या मराठी शाळेत नाव घालायला गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले, ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत. शहरातल्या निवासी शाळेत टाका, नाहीतर घरीच शिकवा.’ सासूबाई म्हणतात, पोरं चिडवतील, घरातच राहू द्या. आम्ही दोघं मजुरीला जातो. काय करावं?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, नाव गावच्याच शाळेत घाला. भावाच्या शाळेत, गल्लीतल्या पोरांबरोबर. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतून विशेष शिक्षिका म्हणून मी नोकरी केली आणि अशी असंख्य मुलं पाहिली. ‘जरा सुधारली की मग शाळेत घालू’ म्हणून थांबलेल्या मुलांची वर्षं तशीच निघून जातात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण ती पुसलीही जात नाही. पोरगी शाळेजोगी होण्याची वाट बघायची नसते. शाळा तिच्याजोगी करून घ्यायची असते.

हे मी मायेपोटी सांगत नाही, कायदाच तसा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला आणि गरजेप्रमाणे सोयी करून द्यायला बांधलं. घरी शिकण्याची सवलत आहे खरी. 2012 च्या दुरुस्तीने ती तीव्र आणि बहुविकलांग मुलांना दिली. पण ती निवड घरच्यांची. मुख्याध्यापकांनी ती तुमच्यावर लादायची नाही.

विशेष शिक्षक कमी आहेत, हे सरांचं म्हणणं खोटं नाही. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. तेवढे नेमायचं काम शासनाचं आहे, त्याची शिक्षा पोरीला का? तोवर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा.

निवासी शाळेला मी नावं ठेवत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सोबती लागतात, त्याच्या बाबतीत मी वेगळं सांगितलं असतं. पण तुमच्या मुलीची भाषा आज फक्त घरच्यांना कळते. तिला सहाव्या वर्षी परक्या वसतिगृहात ठेवलं तर ती कुणाशी बोलणार?

आता खरं काम बसण्याचं. ती नीट बसली नाही तर तिचं सगळं बळ तोल सांभाळण्यात जातं, शिकायला उरत नाही. पाठ टेकलेली, पावलं फळीवर सपाट, गुडघे काटकोनात, कमरेला रुंद पट्टा. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या साहित्य शिबिरात अलिम्को या सरकारी कंपनीची सी.पी. चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची) मिळते, तिच्यासाठी नाव नोंदवा. पण खुर्ची यायची वाट बघू नका. गावच्या सुताराकडून टेबलाच्या कडेला अर्धगोल काप घ्या, म्हणजे ती त्यात शिरून बसेल आणि दोन्ही कोपरं टेकतील. कोपरं टेकली की हात बराच स्थिर होतो. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करा. लिहिणं तरीही अवघड जाईल, म्हणून गुरुजींनी तिला लिहूनच दाखव म्हणू नये. अक्षरांचे पत्ते समोर मांडले आणि तिने डोळ्यांनी दाखवलं, तरी ते उत्तरच.

बोलण्यासाठी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा : पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, हो, नाही. आणि एक चित्र बहुतेक जण विसरतात, ‘माले समजनं नही’ (मला समजलं नाही). ते पहिल्याच ओळीत घ्या. घरी अहिराणी बोलत असाल तर चित्रांखाली अहिराणीच लिहा, पोरं लगेच वापरायला लागतात. चिडवण्याचं म्हणाल तर वर्गातली पोरं पहिले काही दिवस बघतील, विचारतील. त्यांना खरं सांगायचं : हा आजार लागत नाही, तिला सगळं कळतं, उत्तराला थोडा वेळ लागतो. मी पाहिलेल्या वर्गांत पुठ्ठा धरायला पोरांची भांडणं व्हायची.

शाळेचा ओटा किती उंच आहे ते मोजा. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे दीड फुटाला अठरा. आखूड केला तर खुर्ची ढकलताना उलटते. शौचालयाचं दार खुर्ची जाईल एवढं रुंद हवं आणि आत धरायला दांडी हवी. मुलींची शाळा या एका गोष्टीवरून सुटते, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय आधी काढा.

प्रवेशाचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोहोच घ्या. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा नाव दाखल होतं. नाहीच झालं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, पण त्यासाठी प्रवेश अडवू देऊ नका. समग्र शिक्षातून दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, वर्षाचे दहा महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. प्रवास आणि मदतनीस भत्त्याचंही गट साधन केंद्रात विचारा.

सासूबाईंची काळजी खरी आहे. त्यांनाच सुरुवातीला मधल्या सुट्टीत शाळेत पाठवा. खिचडी मऊ कालवून, तिला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवायची; पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. आडवं करून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जातं. हे त्यांनी शाळेतल्या स्वयंपाकी बाईंना शेजारी बसवून शिकवावं, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही सगळ्याच शेतात असलात तरी तिचं जेवण अडणार नाही.